रकाना चौथा

दर पाच वर्षांनी हा फॉर्म येतो.
पार्श्वभूमी आणि अनुभव, दोनशे शब्दांत.
विविध समाजांतील व्यक्तींचा विशेष उल्लेख करावा.

विविध म्हटलं की मला गॅदरिंग आठवतं,
विविध गुणदर्शन,
पडद्यामागे गाल रंगवून उभी असलेली पाचवी ब.
इथे हडर्सफील्डमध्ये पडदा नाही.
दोन खुर्च्या, टिश्यूचा खोका,
आणि एक घड्याळ, जे फक्त मला दिसतं.
खाली श्रवणयंत्रांचं दुकान.
भाडं कमी म्हणून खोली घेतली,
विनोद नंतर लक्षात आला.

पार्श्वभूमी: लीड्स, पदविका,
देखरेखीखालचे साडेचारशे तास.
मिरज लिहीत नाही. वीज मंडळ, तक्रार खिडकी क्रमांक दोन.
बिल जास्त आलंय म्हणत माणसं यायची
आणि मीटरच्या आकड्यावरून
जावयापर्यंत कशी पोचायची, कळायचं नाही.
मी शिक्का हातात धरून थांबायचे.
आरगे बाई, रांग वाढतेय, साहेब ओरडायचे.
साहेब, आता ती सात महिन्यांची आहे.

अशील वकिलाचं, पेशंट डॉक्टरचा.
माझ्याकडे येतं त्याला आपल्यात काय म्हणायचं,
एकोणीस वर्षांत ठरलं नाही.

दारफूरचा मुलगा, दुभाषी फोनवर.
त्याचं वाक्य संपायचं, मग शांतता,
मग तिच्या आवाजात त्याचं गाव जळायचं.
एकदा मधेच तिच्या घरात कुणी छोटं
बिस्किटासाठी भोकाड पसरून बसलं.
ती सॉरी म्हणाली, दोन्ही भाषांत.
तो हसला. नवव्या आठवड्यात, पहिल्यांदा.
हे कुठल्या उपचारपद्धतीत बसतं?
पद्धतीचा रकाना वेगळा आहे, पाचवा.

आणि डेरिक. नाव बदललंय, उंचीही.
चुकीची बेल दाबून वर आला.
घरात काही ऐकूच येत नाही, म्हणाला, फेब्रुवारीपासून.
दुकान खाली आहो, सांगायला मी तोंड उघडलं
तोवर तो बसलाही होता, टोपी गुडघ्यावर.
कान तपासले त्याने पुढे, वयाच्या मानाने उत्तम निघाले.
तरी दोन वर्षं येत राहिला, दर मंगळवारी,
बूट पायपुसण्यावर चार-चारदा घासत,
जसं काही आत कुणी रागावणारं आहे.

मराठी बोलणारी एकच.
परभणीकडची, नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली.
मला वाटलं, चला, आज तरी भाषांतर नाही.
तिने जे सांगितलं ते इथे येणार नाही.
मी विचारलं, जे दिवसातून सहादा विचारते,
आयुष्यात पहिल्यांदा मराठीत:
मग तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?

तोंडातून बाहेर पडताच ऐकू आलं मला.
हे तर नाटक सुटल्यावर विचारतात.
पानात नवी भाजी वाढून विचारतात.

ती बघत राहिली माझ्याकडे.
कसं वाटणार, म्हणाली.
प्रश्नचिन्ह नव्हतं त्याला.
खाली दुकानाचं दार दोनदा वाजलं.
घड्याळ बघावंसं वाटलं, बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती आली नाही.
त्याच्या पुढच्या आठवड्यात आली,
कोट न काढता बसली, पन्नास मिनिटं,
एक शब्द नाही. मीही नाही.
उठताना म्हणाली, बरं झालं.
फी मोजून दिली, सुट्ट्यांसकट.

एकशे सत्तर शब्द झालेत माझे.
तीस उरतात.
विविध? होय, असं लिहिलं,
आणि बाकीचा रकाना कोरा ठेवला.
तपासणाऱ्याला वाटेल, बाई विसरली.