टंच

सुबराव कोइमतूरला, बाजीराव गुवाहाटीत,
रघुनाथ काठमांडूला आणि मी आता विट्यात,
मायणी रोडच्या कडेला, दुपारचा, पंख्याखाली.
ग्रुपचं नाव 'आटणी'.
एकशे चौदा माणसं,
सगळी मूस आणि तेजाबातली,
सगळ्यांची नखं पिवळी.

आज आखाताचं चाललंय.
"एकदा होऊनच जाऊ दे," सुबराव लिहितो.
त्याला झुरळ मारवत नाही, मला माहितीय,
सेलमच्या खोलीत सात वर्षं एका स्टोव्हवर जेवलोय आम्ही.
बाजीराव नकाशा टाकतो, लाल बाणांचा.
त्यातला समुद्र कुठला, हे त्याला तरी कळलं असेल का,
पण खाली अंगठे बावीस.

मग रघुनाथ नुसता आकडा टाकतो.
दहा ग्रॅमचा. वर गेलाय.
आणि पंगतीत जिलबी आल्यासारखा
सगळा ग्रुप गप्प.

तिकडं काही पडलं की इकडं चढतं,
एवढा भूगोल आमचा पक्का.
काय पडलं, कुणावर,
ते विचारायची पद्धत नाही.

पोरगा म्हणतो, आबा, आता सगळं मशीन सांगतं.
खरंय. त्याच्या दुकानात पेटी आहे,
दागिना ठेवला की अर्ध्या मिनिटात टंच :
एक्क्याण्णव पॉइंट सहा.
मी काळ्या दगडावर रेघ ओढायचो,
वर तेजाबाचा थेंब, मग उन्हाकडं तिरकं धरायचं,
आणि तरी रात्री डोळा लागायचा नाही,
चुकलो तर नसेन म्हणून.
पेटीला झोपेचा प्रश्न नाही.

तो युद्धाचंही फोनलाच विचारतो.
फोन बोलतो मराठीतच, पण पुस्तकातल्या,
'एकीकडे' म्हणतो, मग 'दुसरीकडे' म्हणतो.
मी म्हटलं, ह्याला विचार,
ह्याच्या हातात कधी मूस फुटलीय का.
ऋतुराज हसला, पण विचारलंन्.
फोननं त्याचंही उत्तर दिलं, अगदी नम्रपणे.

दिवेलागणीला सुबरावनं
बाण, नकाशे, झेंडे ह्या सगळ्यांच्या खाली
एक ओळ लिहिली :
टेंभूचं पाणी आलं का आपल्या ओढ्याला?
एकशे चौदातल्या कुणी अंगठा दिला नाही.

मी चपला घातल्या, ओढ्यापर्यंत गेलो.
पाणी होतं, घोट्याएवढं, गढूळ,
मधोमध एक म्हैस उभी.
फोटो काढून पाठवला.

लगेच विचारलं त्यानं,
म्हैस कुणाची?