आठ हलक्या, आठ जड

रात्री उशिरा, शटर अर्धं ओढून,
बाबांच्या औषधी ताजव्यावर
मी दोन झडपा तोलते.
पोलादाची अठ्ठेचाळीस ग्रॅम.
टायटॅनियमची एकोणतीस.
मधले एकोणीस म्हणजे खिशातली दोन नाणी, फार तर अडीच;
पण त्यांची किंमत सांगण्याआधी
बोलोन्याच्या दुकानदाराने मला खुर्ची पुढे केली.

लोरिसचा मागच्या मोसमातला पिस्टन
इथंच असतो टेबलावर, त्यात मी पेनं ठेवते.
माथ्यावर चंद्रकोर उमटलेली, नखाएवढी.
फाएन्झाहून वर जाणाऱ्या घाटात, अकराव्या वळणाआधी,
स्प्रिंगला झडपेचं वजन आवरलं नाही.
नऊ हजार फेरे,
सेकंदाला पंचाहत्तर वेळा
उघड-मीट उघड-मीट उघड-मीट
आणि एकदा, फक्त एकदा,
मिटायला उशीर.
लोरिस सांगतो, "आवाज असा आला, नीवेस,
जशी कपाटातली सगळी ताटं कुणीतरी"
आणि पुढे नुसते हातवारे करतो.

हलकी झडप वेळेवर परतते,
हे कळायला शाळा लागत नाही.
मग स्प्रिंगही मऊ चालते, कॅमही कमी कण्हतो.
पण हिची मिजास!
साध्या बैठकीवर ही बसणार नाही,
हिला तांब्याच्या मिश्रधातूचं आसन हवं,
दांड्याला लेप हवा, नाहीतर जाता-येता धरून बसेल,
शेंड्यावर कडक टोपी हवी,
आणि दोन मोसमांनी, काही तक्रार नसतानाही,
हिला निवृत्त करायचं.
पोलाद असलं काही मागत नाही.
पोलाद माझ्या बाबांसारखं: जड, भरवशाचं,
आणि ऐन वेळी उशिरा.

बाबा झडपा हातानं घासून बसवायचे.
काठीला रबरी वाटी, वाटीला झडप,
कडेला खरखरीत मलम,
आणि दोन तळव्यांत काठी, रवीसारखी घुमत.
त्या आवाजावर मी सगळे पाढे पाठ केले.
मग निळा रंग लावून बघायचे:
कडं अखंड उमटलं तर जेवायला यायचे,
तुटकं उमटलं तर आई आम्हालाच वाढायची.

टायटॅनियमला मलम चालत नाही.
घासलं की लेप गेला, लेप गेला की झडप गेली.
जे काय करायचं ते आधीच, आसनावर, यंत्रावर,
केसाच्याही दहाव्या हिश्शात.
मग ती नुसती ठेवायची
आणि हात काढून घ्यायचा.
हे माझ्या हातांना अजून पटत नाही.
काल मी काठी घेऊन पाव तास उभी होते,
समोर काहीच नव्हतं.

संध्याकाळी लोरिसची आई आली, दिर्चे.
बिस्किटांच्या डब्यात पैसे, वर रुमाल.
मोजायला तयार नव्हती, मला मोजू देईना.
दोन्ही झडपा तिनं डोळे मिटून तळव्यांवर घेतल्या.
"ही तर रिकामी आहे," म्हणाली.
"हलकी आहे. रिकामी नाही."
"हलकं म्हणजे कच्चं ना?"
"नाही."
"मग मोडत नाही?"
मी चष्मा पुसला. मग सांगितलं तेच, जे खरं होतं:
"तारीख चुकवली तर मोडते."
तिनं मान हलवली, जसं तिला हे
कुठल्यातरी दुसऱ्या गोष्टीबद्दल आधीच ठाऊक होतं,
आणि एप्रनच्या टोकानं झडपेवरचे
आपले ठसे पुसून ती परत ठेवली.

श्वास आत जातो तिकडे टायटॅनियम.
धूर बाहेर पडतो तिकडे पोलादच राहू दे,
आगीच्या तोंडी म्हातारंच बरं,
आणि डब्यातही तेवढंच होतं.

वहीत लिहिलं: आठ, आठ.
खाली निवृत्तीची तारीख, दोनदा अधोरेखित.
आणि समासात, दिवा मालवता मालवता,
टोप्या विसरू नकोस.