जवळ्याची राखण

पाजपंढरीच्या खळ्यावर जवळा पसरला
की एक मेलेला कावळा लागतो.
बांबूला उलटा टांगलेला, पायात नायलॉनची दोरी,
वाऱ्यानं एक पंख उघडा पडलेला.
बाकीचे जमतात, तासभर आभाळ डोक्यावर घेतात,
मग दोन दिवस खळं सुनं.

लहानपणी हे काम लहूचं होतं.
लहू दामा पावसे, आमच्याच आळीतला.
आई त्याला एका कावळ्याचे दोन रुपये द्यायची,
वर मूठभर सुकट.
गाठ अशी मारायचा
की उधाणवाऱ्यातही सुटायची नाही.

त्याच लहूनं जेटीवर, डिझेलच्या हिशोबावरून,
बर्फ फोडायच्या टोच्यानं
माझ्या भावाला मारलं. हरेशला.
सातशे चाळीस रुपयांचा फरक.
वही अजून माझ्याकडे आहे.
आणि हरेशचा निनाद, नऊ वर्षांचा,
बापाचा डबा घेऊन आला होता,
त्यानं पाहिलं.

खेडच्या कोर्टात जज्जसाहेबांनी निब मोडली.
सरकारी वकील म्हणाले, आता जरब बसेल.
आळीत पेढे वाटले.
मीही खाल्ला. खोटं कशाला बोलू,
गोड लागला.

त्याच सालच्या नारळी पुनवेला, हर्णैच्या लिलावात,
पापलेटाच्या एका टोपलीवरून दोघांनी सुरे काढले.
त्यातला एक, चोगल्यांचा मंगेश,
निकालाच्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता,
माझी पाण्याची बाटली धरून.

तेव्हापासून रात्री मी तीच बेरीज करते.
हरेशला मारताना लहूच्या डोक्यात
फाशी नव्हतीच, राग होता, दारू होती.
ती आली नंतर.
हातातलं रगत बघितल्यावर आली,
डबा घेऊन उभं राहिलेलं पोर बघितल्यावर आली.
भीती वाटली ना त्याला.
वाटली.
म्हणून तर निनाद गेला.

हे मी कुणाला सांगत नाही.
वहिनीला तर नाहीच.
ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर
हायकोर्टाच्या तारखेभोवती लाल गोल काढते,
आणि तिला नको म्हणायला
माझ्या तोंडाला शब्द फुटत नाही.
मला तरी नको आहे का?
ते मला ठाऊक नाही.
सकाळी एक ठाऊक असतं, रात्री दुसरं.

आज कावळा मीच बांधला.
गाठ सैल पडली, दोनदा सोडून पुन्हा मारली.
परवा येतील ते.
दर वेळी येतात.
पहिला येतो तो त्याच बांबूवर बसतो,
टांगलेल्याच्या बरोब्बर वर,
चोच पुसतो, मान तिरकी करून खाली बघतो,
आणि उतरतो जवळ्यावर.

आई म्हणायची, कावळा बांध नाहीतर नको बांधू,
माणूस बसव.
मी काठी घेतली आहे, पाण्याचा तांब्या,
डोक्याला पदर.
ऊन अजून साडेनऊचंच आहे.