पाचापर्यंत चालतात

खोकं आलं तेव्हा पुन्ता अरेनासमध्ये वारा असा
की येर्कोच्या पोऱ्याने ते पोटाशी धरलं होतं,
वादळातून कोकरू आणावं तसं,
आणि दारातूनच ओरडला, दोन्या एल्सिरा, सही!

जुना मॉनिटर, पाठीला पोक आलेला, ऊबदार,
ज्यावर मांजर झोपायचं,
तो उचलायला दोघं लागली.
नवा भिंतीला चिकटून उभा. सपाट. पाठच नाही त्याला.
मांजराने एक फेरी मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

तपासायचा म्हणून पडद्यावर सगळा काळोख केला,
तर उजवीकडे, तळापासून चार बोटं वर,
एक हिरवा ठिपका.
मोहरीएवढाही नाही. मोहरीला टाचणी टोचली
तर पडेल तेवढ्या भोकाएवढा.
पण एकदा दिसला आणि मग दुसरं काही दिसेना.

येर्कोला फोन केला. तो कागद चाळत होता ते ऐकू येत होतं.
"पाचापर्यंत चालतात," म्हणाला.
"काय चालतात?"
"ठिपके. पाचापर्यंत कंपनी दोष धरत नाही.
सहावा उगवला तर कळवा.
मग खोकं सान्तियागोला जाईल, तीन आठवडे, भाडं तुमचं."
मग जरा हळू आवाजात:
"ओल्या फडक्याने दाबून बघा. माझ्या मेहुण्याचा गेला तसा."

दाबला. ओल्या फडक्याने, पेन्सिलीच्या मागच्या रबराने,
शेवटी नुसत्या अंगठ्याने.
दाबलं की भोवती पाण्यासारखी वलयं उठायची
आणि तो मध्ये तसाच,
खडकावर बसलेल्या पाणकावळ्यासारखा.
पुतण्याने एक प्रोग्रॅम आणून दिला,
रात्रभर लाल निळं पांढरं लखलखत राहणारा.
सकाळी समोरच्या ओतिलियाने विचारलं,
कोण आलं होतं गं नाचायला?

आणि मी तरी कोण?
एकतीस वर्षं लोकांचे चेहरे निस्तरते आहे.
आधी चार केसांच्या ब्रशने, आता माऊसने.
तीळ, देवीचे वण, तिरळा डोळा,
नेमकी लग्नाच्या दिवशी उठलेली पुटकुळी,
एकदा तर एक अख्खा जावई,
सासूच्या सांगण्यावरून.
पाचापर्यंत चालतात असं मला कधी कुणी म्हटलं नाही.
मीही कुणाला नाही.

गुरुवारी निकानोर बायकोचा फोटो घेऊन आला.
थडग्यावर बसवायचा, चिनीमातीच्या लंबगोलावर.
मोठा करून बघते तर ओठाच्या खाली, उजवीकडे, काहीतरी.
खिडकी सरकवून पाहिली. आता सवयच लागली आहे:
जागीच राहिला तर पडद्याचा,
सोबत सरकला तर माणसाचा.
सरकला.

"हा काढू?" मी विचारलं.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
निकानोर हातातली टोपी फिरवत राहिला.
"तिथे मी," म्हणाला, आणि पुढचं बोललाच नाही.
बऱ्याच वेळाने:
"ठेवला तरी भाव तोच ना?"
तोच, म्हटलं.

ठेवला. अख्खा दिवस गेला ठेवण्यात,
आजूबाजूचं उजळताना त्याला हात लागू नये म्हणून.

रात्री मशीन बंद केलं की माझा हिरवाही विझतो,
एवढी समज आहे त्याला.
आज बंद करून उठले
तर काचेपलीकडे, सामुद्रधुनीवर,
हिरवाच एक, तेवढाच, तळापासून चार बोटं वर.
नुसता हिरवा दिसला तर जहाजाची उजवी कूस आपल्याकडे,
म्हणजे ते उजवीकडे चाललंय, बाबा सांगायचे.
लांबून पाहिलं की चालताना दिसत नाही, इतकंच.

दिवा न लावता उभी राहिले. मांजर पायाशी.
ही खिडकी काही सरकायची नाही,
गंजून बसली आहे किती हिवाळे.
मग मीच जरा सरकले.