येण्याचे कारण

येऊरच्या फाटकावर वहीत
'येण्याचे कारण' असा रकाना.
मी लिहिलं : पाणी.
गार्ड म्हणाला, आत बाटली मिळत नाही, काका.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटीत चाव्या फिरवल्या.
साडेपाच ते सात रामनगर,
सात ते सव्वाआठ किसननगर;
पाच मिनिटं उशीर झाला
की चौथ्या मजल्यावरून माझा उद्धार.

ओढ्यापर्यंत रूपजी वरठा सोबत आला.
विचारलं, हे कधी सोडतात?
तो हसला नाही.
होळीपर्यंत दिसतं, म्हणाला,
मग दगडाखाली जातं.
असतं तिथंच.

कुंभ्याच्या मुळांतून धार येत होती,
करंगळीएवढी.
माझं पाणी हे नव्हे,
ते शहापूरहून नळांतून यायचं;
तरी उजवा हात आपोआप वळला,
दोन आटे उजवीकडे,
चावी शोधत.

बंद करण्यासारखं काही नव्हतं.

उंबराखाली बसून राहिलो.
खंड्या आला, गेला, परत आला,
रूपजी केव्हाच पाड्यावर गेलेला.

निघताना गार्डनं हाक मारली,
जाण्याची वेळ राहिली, काका.
उजेड सरत आला होता.
हात सवयीनं लिहून गेला :
साडेपाच ते सात.