दीड इंच पाणी

म्हशी परतायच्या वेळेला पथकाचा सुखचंद मारबते येतो
आणि रेग्युलेटर ओसरीवर ठेवतो, पोत्यात गुंडाळलेला,
उसनं परत केल्यासारखा.
"बारा मीटरवर सर्र करते, हवा आपोआप सुटते," एवढंच सांगतो.
मी म्हणते, बैस.
तो बसत नाही.

आधी मी फवारणीचे पंप दुरुस्त करायची.
हे शिकायला तीन महिने मालवणला राहिले.
समुद्र पाहून वाटलं होतं,
एवढं पाणी, अन् धान नाही कुठंच.

पांढरी चादर अंथरते, घरंगळलेलं दिसावं म्हणून.
पहिला टप्पा उघडते. पितळेवर हिरवट थर,
चाळणीत वैनगंगेचा गाळ, काळा, बारीक,
धरणाच्या फुगवट्यात कुजलेल्या जलपर्णीचा वास.
रिंगा काढायला पितळेची सुईच घ्यायची.
लोखंडी टोकाचा ओरखडा इथे उमटला
की तिकडे खाली, अंधारात, कुणाच्या तरी छातीत उमटतो.
सोळा निघाल्या, सोळा नव्या बसल्या पाहिजेत.
सतरावी हातात उरली तर मला झोप नाही.

सीटवर गोल खळी पडलेली,
वर्षानुवर्षांची अंगठी काढल्यावर बोटावर राहते तशी.
सर्र तिथूनच होतं.
भाचा विचारतो, "मावशे, फुटाण्याएवढ्या रबरावर अख्खा माणूस?"
हो, म्हणते, कंदील इकडे धर.

मग तोंडातलं रबर.
चावून धरायचे दोन्ही खुंट आरपार तुटलेले.
दातांच्या खुणा मला वाचता येतात,
थंडीने वाजणारे दात, कंटाळलेले दात.
हे तसे नव्हते.
मागच्या मंगळवारी डोंगा उलटला होता.
नऊ जण काठाला लागले.
दहावी, शाळेच्या गणवेशातली, दोन दिवसांनी.
खाली सुखचंद होता.

माझा बाप अशांना नुसत्या श्वासावर शोधायचा,
कमरेला दोर बांधून.
वर आला की आधी चिलीम मागायचा,
मग तोंड भिंतीकडे करून झोपायचा दोन-दोन दिवस.
त्याला कोणी उघडून पाहिलं नाही.

नवं रबर चढवते, पट्टी आवळते.
जुनं चुलीत टाकवत नाही.
आई विचारते काहून, तर म्हणते, धूर वाईट असतो.

सिलिंडर जोडून झडप हळू सोडते.
काटा साडेनऊवर येतो.
आता तो थांबतो की सरकतो, एवढंच बघायचं.
लाइन जाते. मोबाइलच्या उजेडात काटा बघते.
पाच मिनिटं. दहा.
सांध्यांवर साबणाचा फेस लावते,
फेस नुसता बसून राहतो, बुडबुडा नाही.
यू आकाराच्या नळीत निळीचं पाणी भरलंय.
श्वास ओढते, पाणी चढतं,
दीड इंचावर खट्ट, हवा येते.
पऱ्हं टाकतो त्या दिवशी बांधीत
एवढंच तर पाणी ठेवतो आपण.

सकाळी सुखचंद येतो.
आधी खर्रा थुंक, मी म्हणते.
तो म्हशींच्या टाक्यात डोकं घालतो, रेग्युलेटर तोंडात धरून.
बुडबुडे येतात, एकसारखे, घाई नसलेले.
वासरू जवळ येऊन बघतं, कंटाळून जातं.
तो बराच वेळ वर येत नाही.
मी हाक मारत नाही.

मग ओल्या डोक्याने पायरीवर बसतो.
"रबर कडक आहे, ताई."
नवं आहे, होईल नरम. जास्त चावू नको.
तो हो म्हणतो, आणि टाक्याकडे बघत राहतो.

बिलात सोळा रिंगा लिहिते, एक सीट, ग्रीस.
रबर लिहीत नाही.