खरं

डाग पहिल्यांदा दिसला शांतव्वाला.
कट्ट्यावर पाय पसरून मी काजं करत बसले होते.
म्हणाली, मालन, टाचेला काय लागलंय गं, डांबर?
मी थुंकी लावून पुसलं. गेलं नाही.
रॉकेलचा बोळा फिरवला. गेलं नाही.
टिचबटणाएवढा काळा डाग,
एका कडेला जरा विस्कटलेला.
मग कळलं, हा कापडावरचा नाही,
कापडातलाच आहे.

डॉक्टर हंचिनाळ भिंग लावून बघत राहिले,
मी माप घेताना बघते तसे, न बोलता.
तुकडा काढला, बाटलीत घातला.
पंधरा दिवसांनी कागद आला.
"तसा कॅन्सर म्हणता येत नाही," ते म्हणाले,
"खरं..."

आमच्या बेळगावात 'पण' म्हणायचं असलं की
माणूस 'खरं' म्हणतो.
येतो, खरं जेवणार नाही.
पोरगी चांगली हाय, खरं बोलत नाही.
पुण्याचा भाचा याला फार हसतो.
त्या दिवशी माझं मलाच कळेना
हे 'खरं' कुठलं.

काचपट्टी हुबळीला गेली, तिथून मुंबईला.
हुबळी म्हणाली, आहे.
मुंबई म्हणाली, बहुतेक नाही,
खरं काढून टाकलेलं बरं.
एका कागदावर माझं नाव कन्नडात, दुसऱ्यावर इंग्रजीत,
मराठीत फक्त खाली, माझ्या सहीत.
वय तिन्हीकडं वेगळं.

निकालाची वाट बघण्यात
आमचा हात कुणी धरू नये.
गाव कुणाचं, तेच अजून कोर्टात आहे.
वडील तारखा मोजत गेले.
मी पण मोजल्या, इस्त्रीच्या वहीत,
गिऱ्हाइकांच्या बाकीखाली.

नणंद म्हणाली, सौंदत्तीला जाऊन ओटी भर.
भरली.
पहिल्या गेटला रिक्षा अडकली, मालगाडी जाईचना,
डबे मोजता मोजता मी एकदम म्हणाले,
असला तर असू दे बाई, सांगा तरी एकदा.
रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

"एक सेंटीमीटर मार्जिन घेऊ," डॉक्टर म्हणाले.
मार्जिन!
अहो, हा शब्द माझा.
लग्नाच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी दीड इंच सोडते मी,
पोरगी बाळंत होईल, अंगानं भरेल,
चार टाके उसवले की पुन्हा बसेल.
मी मार्जिन ठेवते पुढच्या वर्षांसाठी.
हे मार्जिन कापून टाकतात,
तेही पुढच्या वर्षांसाठीच.

मांडीची कातडी काढून टाचेला लावली.
ठिगळच की.
सिस्टरला विचारलं, टाका कुठला घातलाय,
धावदोरा का उलटी टीप?
ती हसली. "एनू आगूदिल्रि, अक्का."
काही होत नाही.
आणि त्यापुढं
'खरं' नव्हतं.
भाषेवरनं आमच्याकडं दगड पडलेत.
खरं त्या रात्री ते एवढं कन्नड
मी उशाशी घेऊन झोपले.

आता मशीनवर रेहाना बसते.
तिच्या पॅडलचा ठेका माझा नाही,
मध्येच अडखळतो, मध्येच पळतो.
"मावशी, मार्जिन किती सोडू?"
सोड भरपूर, मी म्हणते.
कापड कमी पडलं तर गळ्याला पट्टी लावू.

दर तीन महिन्यांनी टाच दाखवायची.
साठ वर्षं लुगड्याआड राहिलेली कातडी
आता फरशी शिकायलीय.
गार लागलं की दचकते.

शांतव्वा कट्ट्यावरनं विचारते,
"बरं हाय नव्हं आता?"
"व्हय, बरं हाय," मी म्हणते,
आणि पुढचा शब्द
सुई धरावी तसा
ओठांत धरून ठेवते.